साबणाच्या कोनाड्यातील रेंज

प्रति,
मा. अध्यक्ष, रेंज वाटप समिती,
बोरीचा पाडा, ता. भिवंडी.
(समितीच्या बैठकीची जागा: अर्जदाराची न्हाणी)

विषय: अर्जदाराच्याच न्हाणीत अर्जदारास पाळी मिळणेबाबत.
संदर्भ: आपले तोंडी उत्तर, 'तक्रार फोनवर कळवा.'

महोदय,

१. अर्जदार बुधा लडकू पागी सविनय कळवतो की, आपल्या पाड्यात मोबाईलला रेंज येते ती फक्त त्याच्या न्हाणीत, साबणाच्या कोनाड्यात. तिथे एकच फोन मावतो. तो ठेवायचा आणि भिंतीला कान लावून बोलायचे. सर्वांची सोय व्हावी म्हणून समितीने घरटी दहा मिनिटांची पाळी लावली, त्यास अर्जदाराने खुशीने होकार दिला. तेव्हापासून त्याचे कुटुंब ओढ्यावर अंघोळ करते.

२. अर्जदाराला मंगळवारी दुपारी तीनची पाळी मिळाली. त्या वेळी भारनियमन असते, अंबाडीकडचा टॉवर बंद पडतो आणि रेंज गुल होते. पुढे समितीने ठरवले की जो जास्त बोलेल त्याला जास्त वेळ, म्हणजे रेंज वाया जाणार नाही. त्यामुळे गोडाऊनसाठी जमिनी दाखवणारे हितेशशेठ दहा मिनिटांवरून रोजच्या सहा तासांवर गेले आणि अर्जदार 'वापर शून्य' म्हणून तीन मिनिटांवर आला. नियम चोख आहे, याबद्दल दुमत नाही.

३. अर्जदाराची लेक प्राजक्ता भिवंडीत असून पहिलटकरीण आहे. जावई कल्पेश फोन करणार होता. पण अर्जदाराचा फोन कोनाड्यात नसेल तर तो लागणार कसा? घरात सर्वांचा जीव टांगणीला लागला आहे. अर्जदाराची बायको बुधी हिने हितेशशेठकडे दोन मिनिटे मागितली. ते म्हणाले, "मावशी, पार्टी लाइनवर हाय." त्यावर ती म्हणाली, "माजी पोर बी वाट बघतं हाय, शेठ. न्हाणी आमची, न् पाळीत नंबर आमचाच न्हाय?" समितीने हे असभ्य वर्तन म्हणून नोंदवले आहे.

४. अर्ज इथवर लिहून होतो तोच जावई लूमवरची ड्युटी बुडवून, अंबाडीहून चालत आला. मुलगी झाली, आज चौथा दिवस. फोन त्याने एकवीस वेळा लावला होता. बातमी ऐकून अर्जदार रडला, हेही नमूद करणे भाग आहे.

५. सबब, फोनच्या पाळीची मागणी अर्जदार मागे घेतो. बाळंतीण परवा माहेरी येत आहे. इतक्या कोवळ्या नातीला ओढ्यावर नेता येत नाही. तरी तिच्या अंघोळीसाठी न्हाणी रोज वीस मिनिटे मिळावी. भारनियमनाची वेळ दिली तरी चालेल. पाणी चुलीवर तापते.

आपला,
स्वतःच्या न्हाणीबाहेर उभा,
बुधा लडकू पागी (अंगठा)

अर्ज लिहिणार: दौलत मास्तर
दिनांक: २२ नोव्हेंबर २००७

सोबत: साबण, नग १. कोनाड्यात परत ठेवण्यासाठी.