गोळ्या टाकल्या मी

आबा,

गोळ्या टाकल्या मी. कालव्याकडेच्या त्याच पट्टीत, जिथं गोगलगायीच्या औषधाला हात लावायचा नाही म्हणून तुम्ही घरादाराला बजावून ठेवलं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी घरात हुकूम तुमचाच चालतो, म्हणून सरळ तुम्हालाच सांगते. अक्षर वाईट आहे माझं. ते का वाईट राहिलं हे तुम्हाला माहीत आहे.

आता तिथं वाफे नाहीत. चारी बाजूंनी हडपसरच्या इमारती वर चढल्यात, आणि मधे हिरव्या जाळीखाली मी कोबी-फ्लॉवरची रोपं करते. ट्रेमध्ये वाढवायची, शेतकरी येऊन घेऊन जातात. जमीन दादाच्या नावावर, राबणं माझं. मागच्या पावसाळ्यात त्या बिनशंखाच्या, काळ्या, लिबलिबीत गोगलगायींनी निम्मी रोपं देठापासून कुरतडली. दादा ट्रे बघत म्हणाला, "यंदा जाऊ दे. पुढच्या पावसाळ्यात परत असं झालं तर इथं लग्नाचं लॉन करणार. लॉनवर गोगलगायी आल्या तरी चालतात, पंगतीला बसत नाहीत त्या." त्याला विनोद सुचतात, त्याचं काय जातंय. माझं सगळं त्या जाळीखाली आहे. यंदा मी म्हणाले, गोळ्या आणते. तर दादानं लगेच तुम्हाला मधे घातलं. "आबांनी टाकू दिल्या नसत्या. खोटं औषध आहे ते."

खोटं कसं ठरलं ते त्याला काय माहीत, तो तेव्हा शाळेत होता. मी तुमच्या मागं उभी होते. सकाळची वेळ आहे, तुम्ही आदल्या संध्याकाळी पालकात गोळ्या फेकल्या आहेत, आणि वाफ्यात गोगलगायी चिकट फेस सोडून आडव्या पडल्या आहेत. तुम्ही इतके खूश की आईला म्हणता, चहा टाक. आणि त्याच दिवशी कालव्याची पाळी येते. पाळी आली की पाणी सोडायचंच, नाहीतर शेजारी नेतो. तुम्ही वाफे तुडुंब भरता. दिवस कलायच्या आत मेलेल्या गोगलगायी पाणी पिऊन उठतात आणि चालायला लागतात. उरलेलं पुडकं तुम्ही खड्ड्यात पुरलंत. आई म्हणाली, "दुकानदाराला एकदा विचारा तरी." तुम्ही म्हणालात, "इचारायचं काय त्यात? पोरगी हाय की. तिचे हात काय करत्यात?"

त्या हातांनी मग रोज पहाटे वाफ्यात अंथरलेलं ओलं गोणपाट उचलायचं, खालच्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकायच्या. बोटांना चिरा, त्यात मीठ. तो चिकटा पाण्यानं जात नाही, उलट वाढतो, कोरड्या राखेनं चोळावा लागतो. शाळेत पोचेपर्यंत हजेरी झालेली असायची. बाई म्हणायच्या, "आल्या का राणीसाहेब? हात दाखवा." मी दाखवायचे, पोरं हसायची. चौथीनंतर मीच जायची बंद झाले आणि तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत. दादाच्या शर्टाला मात्र तेव्हाही इस्त्री असायची.

म्हणून यंदा मार्केट यार्डाजवळच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "पुडक्यावर सगळं छापलंय, बाई." मी म्हटलं, "मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय. तुम्ही वाचून दाखवा, मी थांबते." मागं गिऱ्हाईक खोळंबलं तेव्हा त्यानं वाचलं. आधी पाणी देऊन घ्यायचं, गोळ्या मागून. पाऊस येणार असेल त्या दिवशी टाकायच्या नाहीत, भिजून त्यांचा लगदा होतो. विरळ टाकायच्या, ढीग नाही. कुत्र्यापासून जपायचं, गोळ्यांत कोंडा असतो, त्याच्या वासानं ते खातं आणि मरतं. मी कुत्रं बांधलं, ट्रेच्या खालून, वाटेच्या कडेनं, फुटक्या कुंड्यांच्या आडोशाला गोळ्या टाकल्या. सकाळी गोगलगायी आडव्या. मी चहा ठेवला नाही, आबा. मी खाली बसले आणि हातमोजे घालून सगळ्या उचलल्या, खड्ड्यात गाडल्या. एका कोपऱ्यातल्या तेवढ्या मुद्दाम राहू दिल्या. दुपारी भुरभुर पाऊस झाला आणि त्या कोपऱ्यातल्या निम्म्या उठून गेल्या. तेव्हा कळलं. औषध खोटं नव्हतं. त्यानं त्यांना पाडलं होतं, पुढचं काम तुमचं होतं. वाकायचं होतं. तुम्ही पाणी सोडलंत आणि मला वाकवलंत, रोज, इतकी वर्षं. एका पुडक्यामागं माझी शाळा गेली, एवढं तरी तुम्हाला कळायला हवं होतं.

रोपं वाचली. सगळी नाही, संततधार लागली त्या आठवड्यात गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही आणि एक रांग गेली. पण गाड्या येऊन रोपं भरून गेल्या, शेतकऱ्यांनी पुढची सांगून ठेवली. दादा आला, जाळीखाली वाकून बघत राहिला. लॉनचं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "पण आबांचा शब्द मोडलास."

आणि मी म्हणाले, "मोडला नाही. शेवटच्या आजारपणात आबांनीच सांगितलं होतं मला. म्हणाले, तुला पटेल तसं कर, तुला जास्त कळतं."

दादा जाळीखालून बाहेर आला. म्हणाला, "असं म्हणाले होते? मग ठीक आहे. कर पुढच्या वर्षी पण."

तुम्ही असलं काही म्हणाला नव्हतात. आजारपणात तुम्ही माझ्याकडं फक्त पाणी मागायचात. मी धडधडीत खोटं बोलले आणि मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या हातांकडून तुम्ही इतकं काही फुकट घेतलंत, मी तुमच्या तोंडचं एक वाक्य घेतलं. हे कुठं पाठवायचं नाहीये, चुलीत जाईल. फक्त एवढं आहे की दादा गेल्यावर मी जाळीखाली एकटीच उभी होते, आणि ते वाक्य मी परत एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं, तुमच्यासारखा आवाज काढून. ऐकायला बरं वाटलं.