ओम काँक्रीट पंपिंग, फुलचूर : मालकाची अखेरची व्यवस्था

मी, जीवनलाल वल्द बिसराम रहांगडाले, वय वर्षे ६१, मूळ राहणार दवनीवाडा, सध्या फुलचूर, तालुका व जिल्हा गोंदिया, धंदा पूर्वी काँक्रीट पंप भाड्याने चालवणे, आता काही नाही, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. कोणी दबाव टाकलेला नाही, नशापाणी केलेले नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी पोटाचा कर्करोग सांगितला आहे. येत्या धानाच्या कापणीला मी असेन, असे त्यांच्या बोलण्यावरून वाटले नाही. शरीर गेले, बुद्धी शाबूत आहे. तीही गेली असती तर बरे झाले असते.

१. माझी पत्नी कुंता २०१५ साली वारली. मुलगा ओमेश्वर, वय ३२, माझ्याजवळ आहे. मुलगी योगेश्वरी केशोरीला दिली आहे. सून दुर्गेश्वरी माहेरी आहे. धाकटा भाऊ भुवनेश्वर माझा वारस नाही, तरी या कागदात त्याचे नाव येणार आहे. माझा नाइलाज आहे.

२. पंपाबाबत. १९९९ पासून मी सेंट्रिंगची कामे घेत होतो. तेव्हा स्लॅब म्हटला की शिडीवर बायामाणसांची रांग आणि हातोहात घमेली. २००७ साली नागपूरहून जुना पंप आणला. खाली हॉपरमध्ये माल पडतो आणि तिसऱ्या मजल्यावर पाइपातून निघतो, हे बघायला लोक सायकली थांबवून उभे राहत. ओमेश्वरने कॉलेज सोडले आणि वर होज, म्हणजे लाइनीच्या टोकाचा रबरी पाइप, धरायला लागला. पंपावर भुवनेश्वर. गिऱ्हाईक आणि डिझेल माझ्याकडे. कुंताने पेंटर बोलावून हॉपरवर मुलाचे नाव लिहवून घेतले. आम्ही तिघे साइटवर एकाच डब्यात जेवत होतो. माझ्या आयुष्यातला चांगला काळ तेवढाच, आणि चालू असताना ते कळले नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात एका इमारतीच्या स्लॅबला लाइन जाम झाली. मी डिझेल आणायला गेलो होतो. अशा वेळी पंप उलटा चालवून दाब उतरवावा लागतो, आणि होजवाला बाजूला झाल्याशिवाय पुन्हा चालू करायचा नसतो. भुवनेश्वरला हे चांगले माहीत होते. पण ठेकेदार त्याच्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता, "अरे चालू कर, माल सूख रहा है!" भुवनेश्वरने बटण दाबले. होज उसळली आणि ओमेश्वरच्या डोक्यावर बसली. मी परत आलो तेव्हा भुवनेश्वर त्याला मांडीवर घेऊन वर बसला होता. खाली पंप तसाच चालू होता. तो मी बंद केला. त्यानंतर आजवर चालवलेला नाही.

पंप, पाइप, क्लॅम्प हे सर्व विकावे. भंगारात देऊ नये, यंत्र चांगले आहे. विकण्याआधी हॉपरवरचे नाव घासून काढावे.

३. ठेकेदाराचे नाव हा कागद करून देणारे वकील साहेब लिहू देत नाहीत. पोरगा स्वतःच्या मस्तीत होज धरून उभा होता, असे त्याने पोलिसांत सांगितले. त्याने माझ्या तिरडीला हात लावू नये. आला तर बिनदिक्कत हाकलावे.

४. दुर्गेश्वरीला कुंताचे सर्व दागिने द्यावेत. लग्नाला दोन वर्षे होत होती तेव्हा हे घडले. त्यानंतरही तिने ओमेश्वरचे सगळे केले, भरवण्यापासून धुण्यापर्यंत. तिचे वडील घ्यायला आले त्या दिवशी ती मला म्हणाली, "बाबूजी, हे मले ओळखतच नाई. कालपासून मले बाई म्हणून राहिले. मी कोनासाठी राहू?" मीच तिची पेटी ऑटोत ठेवली. तिने दुसरे लग्न केल्यास आमच्या घराण्यातल्या कोणी तिच्याबद्दल वाईट बोलू नये.

५. दवनीवाड्याची माझ्या वाटणीची धानाची शेती योगेश्वरीला द्यावी. भावाला ठेवायचे का, असे मी तिला विचारले होते. ती रडली. तिच्या घराला लागून धानाची गिरणी आहे, आणि मोटारीचा आवाज झाला की ओमेश्वर ताटावरून उठून डोक्यावर हात घेऊन कोपऱ्यात बसतो. "बाबूजी, तो तिथं एक दिवस नाई राहणार," ती म्हणाली. खरेच आहे. शेती तिला रागाने कमी किंवा दयेने जास्त दिलेली नाही.

६. आता ओमेश्वर.

वकील साहेब म्हणतात, सज्ञान माणूस मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. पालक कोर्ट नेमते. येथे फक्त इच्छा लिहिता येते. घर, शेती, लोखंड सगळे देता येते, आणि ज्याच्यासाठी झोप लागत नाही त्याचेच काही लिहिता येत नाही. माझी खरी इच्छा लिहिण्यासारखी नाही, तरी लिहितो. तो माझ्याआधी जावा, असे मी देवाजवळ मागितले आहे. बाप असून मागितले आहे. कुंता असती तर तिने मला घरात घेतले नसते. देवाने ऐकले नाही.

गेल्या दिवाळीत मला अचानक नागपूरला भरती केले. ओमेश्वरला शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून गेलो होतो. परत आलो तेव्हा अंगणात भुवनेश्वर त्याची दाढी करत होता. ज्या डोक्याला ओमेश्वर मलाही हात लावू देत नाही, ते त्याने भुवनेश्वरच्या छातीला टेकवले होते. अपघातानंतर मी भावाशी बोललो नव्हतो. तेव्हा बोललो, "तू काऊन आला?"

त्याने वस्तरा पुसला आणि म्हणाला, "कोन येनार होता, भाऊ?"

कोणी येणार नव्हते. आजही दुसरे कोणी नाही. म्हणून माझी इच्छा अशी की माझ्यामागे ओमेश्वरचा सांभाळ भुवनेश्वरने करावा आणि कोर्टाने त्यालाच पालक नेमावे. फुलचूरचे घर ओमेश्वरच्या नावे करावे. भुवनेश्वरने तेथे येऊन राहावे. पंपाचे येतील ते पैसे ओमेश्वरच्या दवापाण्याला लावावेत. या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही मी त्यालाच नेमतो.

मी भुवनेश्वरला माफ केलेले नाही. हे मृत्युपत्र कोणी माफीनामा समजू नये. माझा मुलगा ज्याच्या हाताने गेला त्याच्याच हाती तो देऊन जावे लागते, यापेक्षा वाईट मरण मला सुचत नाही.

७. सही करण्यापूर्वी मी भुवनेश्वरला बोलावून हे सर्व वाचून दाखवले. तो दाराशी बसून ऐकत होता. वकील साहेब म्हणाले, माफीचे वाक्य कायद्याला लागत नाही, उगाच भावाचे मन कशाला दुखवता, वाटल्यास काढून टाकू. मीही खोडायला पेन उचलला होता. भुवनेश्वर म्हणाला, "ते काढू नोको, भाऊ. उद्या लोक म्हनतील, मोठ्या मनानं पोराले ठेवलं यानं. तसं नाई ना ते. राहू दे लिहून."

मग त्याने विचारले, "ओमले चहात बिस्कूट बुडवून देतेत का तसाच?"

मी सांगितले, बुडवून द्यावे लागते, तुकडे करून.

वाक्य तसेच ठेवले आहे. यापूर्वीचे कोणतेही मृत्युपत्र नाही. वरील मजकूर वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण : फुलचूर, गोंदिया
दिनांक : १९ जुलै २०१७

सही : जीवनलाल बिसराम रहांगडाले

साक्षीदार, ज्यांच्यासमोर लिहून देणाऱ्याने शुद्धीवर असताना सही केली आणि ज्यांनी त्याच्यासमोर केली :

१. सुकराम पटले, राहणार फुलचूर (सही)
२. बकाराम मेश्राम, राहणार दवनीवाडा (डाव्या हाताचा अंगठा)