जिन्यावरची खिडकी उघडी ठेवण्याबाबत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून आयुष्यभर काचा घासलेली, आता निवृत्त, पती हयात नाहीत, मूलबाळ नाही, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बाकीच्या शरीराबद्दल डॉक्टरांकडे जाड फाईल आहे, पण वकील म्हणतात, कायद्याला डोके पुरते.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात बहुतेक सगळे मी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या नावे केले होते. आधी मी जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरले होते, कारण स्तनाचा कॅन्सर मला होता आणि त्यांना साधी सर्दीही होत नसे. या वर्षी एका सोमवारी सकाळी कपडे वाळत घालता घालता त्या खाली बसल्या आणि गेल्या. त्यामुळे सगळे पुन्हा लिहावे लागत आहे.

एक. माझे राहते घर मी माझ्या पुतणीला, म्हणजे जाऊबाईंच्या मुलीला देत आहे. अट एकच. जिन्यावर माझ्या आणि जाऊबाईंच्या समोरासमोरच्या दारांच्या मध्ये जी खिडकी आहे ती उघडी ठेवावी.

या खिडकीबद्दल खुलासा आवश्यक आहे. मला ती उघडी हवी असे, जाऊबाईंना बंद. एकदा वारा सुटला असताना तिची काच फुटली. त्या म्हणाल्या, उघडी ठेवली म्हणून फुटली. मी म्हटले, आपटून लावली म्हणून फुटली. त्यावर त्या माझ्या माहेराबद्दल एक वाक्य बोलल्या, ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून आमचे बोलणे बंद झाले. या भांडणात मी बरोबर होते. त्या गेल्या म्हणून त्यात फरक पडत नाही.

पुढे काही वर्षांनी मी तपासणीचा लिफाफा हातात घेऊन जिना चढत होते आणि त्या उतरत होत्या. त्यांनी लिफाफ्यावरचे दवाखान्याचे नाव वाचले. पुढच्या मंगळवारी पहिले औषध घ्यायला मी बसथांब्यावर गेले तर त्या माझ्या मागे उभ्या होत्या, हातात भरलेली पिशवी. बसमध्ये त्या शेजारी बसल्या आणि दवाखान्यातही. औषध सलाईनमधून सावकाश जाते, त्याला अर्धा दिवस लागतो. तेवढा वेळ त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मध्येच पिशवीतून बाटली काढून बाटलीलाच म्हणाल्या, "कुणाचा घसा कोरडा पडला असेल तर पाणी आहे." मी सलाईनच्या स्टँडला सांगितले की नको. थोड्या वेळाने प्यायले.

पुढे सगळे असेच चालले. शाल अंगावर घालताना त्या शालीशी बोलत, गोळ्यांची वेळ घड्याळाला सांगत. नर्सबाईंना वाटले, आम्हा दोघींनाही डोळ्यांनी नीट दिसत नसावे.

औषधामुळे मला कांदा तळल्याचा वास सहन होईना. त्यांच्या स्वयंपाकघरातला वास जिन्यात कोंडून माझ्याकडे येई. मी काही बोलले नव्हते. एके दिवशी जिन्यावर आवाज आला म्हणून पाहिले तर त्या खिडकीची कडी काढत होत्या. खिडकीलाच म्हणाल्या, "राहा आता उघडी." त्यानंतर उपचार संपेपर्यंत त्यांच्या घरात काही तळले गेले नाही. माझे दीर उकडलेले खाऊन वाळले. खिडकी पुढेही बंद झाली नाही. पुतणीला आईसारखीच धुळीची धास्ती आहे, म्हणून ही अट लेखी घातली.

दोन. माझ्या दिरांना, म्हणजे भावोजींना, माझी मोठी कढई. कारण वर आले आहे.

तीन. माझे कामाचे बारीक स्क्रू ड्रायव्हर, चिमटे आणि स्क्रूंची डबी मी दवाखान्यातल्या नर्सबाईंना देते. त्यांच्या चष्म्याचा उजवा दांडा सैल होतो आणि त्या खाली वाकल्या की चष्मा घसरतो. सुई लावणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे मला पसंत नाही. पहिल्याच मंगळवारी मी पर्समधला स्क्रू ड्रायव्हर काढून तो बसवून दिला. ते बघून शेजारच्या खुर्चीतल्या बाईने आपला चष्मा पुढे केला, मग पलीकडच्या बाईने. मंगळवारच्या बायकांशी माझी ओळख अशी झाली. एक समुपदेशक बाई येऊन आम्हाला मन मोकळे करायला सांगत. आम्ही मान डोलवायचो. त्या गेल्या की विगाच्या आत खाज सुटली तर काय करावे यावर बोलणे होई, आणि त्याने बरे वाटत असे.

हे कलम खोडले आहे. कारण शेवटी दिले आहे.

चार. विग, दोन टोप्या आणि मऊ गळ्याचे सदरे मंगळवारच्या बायकांना, ज्या त्या वेळी तिथे असतील त्यांना. विग न धुता देऊ नये.

पाच. माझ्या धाकट्या भावाने आजारपणात दर रविवारी फोन करून आनंदी राहायला सांगितले आणि त्या विषयावरचे पुस्तक पाठवले. ते त्याला परत द्यावे. नवेच आहे. तो मात्र मनाने चांगला आहे, म्हणून बँकेतली ठेवही त्यालाच.

सहा. कापडी उरोज. ऑपरेशन झाल्यावर विकतचा घेण्याचा मला संकोच होता. एके दिवशी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली दिसली. जाऊबाई आपल्या दारात उभ्या राहून चौकटीला म्हणाल्या, "कुणाचं तरी ब्लाउज एका बाजूला लोंबतं. बघवत नाही." आत त्यांनी हाताने शिवलेला कापसाचा उरोज होता. तो उजव्यापेक्षा बराच मोठा होता. जाऊबाई माझ्याबद्दल सगळीकडे वाढवून सांगत, पण माझ्या बाजूने वाढवलेले हे एकदाच. मी तो उसवून कापूस कमी केला आणि तेव्हापासून तोच वापरते. तो कोणालाही देऊ नये. माझ्या अंगावर राहू द्यावा.

सात. भांडण. ते वारसाहक्काने कोणाकडेही जात नाही.

आता हे मृत्युपत्र घाईने का करत आहे ते सांगते. गेल्या वर्षी आजार हाडात निघाला. डॉक्टर म्हणाले, "तो आता जाणार नाही. पण औषध घेत राहिलात तर तुम्हीही इतक्यात जाणार नाही. बरीच माणसं अशी वर्षानुवर्षं राहतात." जाऊबाई टेबलावरच्या कॅलेंडरला म्हणाल्या, "मग घ्यायचं. त्यात विचारायचं काय?" म्हणून घेतले, आणि ते लागू पडत होते.

त्या गेल्यापासून मी औषधाला गेलेले नाही. दवाखान्यातून फोन येतात. मी सांगते, घरात दुःख आहे. बस तीच आहे आणि मला चालता येते. मंगळवारी मी तयार होऊन जिन्यापर्यंत जाते. समोरचे दार बंद असते. मग परत येऊन चपला काढते. असे चालू राहिल्यास या कागदाची गरज लवकर पडेल, हे मला समजते.

साक्षीदारांबाबत. दोन लागतात, आणि वकील म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष नको. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका तयार आहेत. त्यांच्यासाठी मी काही ठेवलेले नाही, कारण पाण्याच्या टाकीवरून आमचे नीट नाही. दुसरे कोणी सापडेना. जे जे आठवले त्या प्रत्येकाला वर काही ना काही दिलेले निघाले. मी स्वतःला एकटी समजत होते, त्यामुळे ही अडचण येईल असे वाटले नव्हते.

काल पुतणी आली तेव्हा कागद टेबलावर होता. तिने उभ्यानेच सगळा वाचला. ती माझ्याशी नेहमी सरळ बोलते, भांडण तिचे नव्हते. पण काल ती दारामागे अडकवलेल्या छत्रीकडे वळली.

"कुणाला साक्षीदार मिळत नसेल," ती छत्रीला म्हणाली, "तर नर्सबाईंचं कलम खोडावं. त्या करतील सही. पण त्या घरी येत नाहीत, दवाखान्यातच भेटतात. मंगळवारची मी सुट्टी टाकलीय. आईची पिशवी भरून ठेवलीय."

मी छत्रीला सांगितले की बस लवकर असते, निघायला उशीर केलेला मला चालणार नाही.

त्याप्रमाणे कलम तीन खोडले. नर्सबाईंना आता माझ्या पश्चात काही देता येणार नाही. त्यांच्या चष्म्याचा दांडा मलाच बसवून द्यावा लागेल, आणि तो दर काही महिन्यांनी पुन्हा सैल होतो.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर. जिन्यावरची खिडकी उघडी आहे.

दिनांक: मंगळवारी घालायचा.

सही: मंगळवारी, दोघी साक्षीदारांच्या समोर.

साक्षीदार पहिल्या: वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका. सोबत येणार आहेत. बसमध्ये खिडकीची जागा मागितली आहे.

साक्षीदार दुसऱ्या: नर्सबाई. त्यांना अजून माहीत नाही.