मोरीतला बंब माझा नाही

अहो,

मोरीतला बंब पेटवू नका. आतल्या नळीला भोक आहे, पाणी निखाऱ्यांवर गळतं आणि विस्तव विझतो. आठ दिवस मी कोळसा बदलला, राख उपसली, नळी झाडली. "बी.एस्सी. झालीस आणि साधा बंब पेटवता येईना?" असं तुम्ही सासूबाईंसमोर म्हणालात, तेव्हा मलाही वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. धुरानं आपल्या छबीला खोकला झाला, तोही मी माझ्याच माथी घेतला.

आज भोक शोधायला बंब आडवा केला, तर बुडाशी नाव कोरलेलं, 'सौ. गंगम्मा'. बाबांनी दिलेल्या बंबावर माझं नाव होतं. तुम्ही तो दुरुस्तीला म्हणून नेला होतात, त्या नव्या पेठेतल्या तांबटाकडे तशीच गेले. तो म्हणाला, "बाई, दुरुस्तीला काय आलंच न्हाय की. मालकांनी येक जुना बंब तेवढा इकत नेला."

परतताना वच्छलावन्सं भेटल्या. भर रस्त्यात माझा हात धरून म्हणाल्या, "वैनी, दादा सांगत होता, तुमचा बंब तुमी आपणहून आमाला दिलात. लई मोठं मन की तुमचं!" मी नुसती हसले.

बंब त्यांच्याकडेच राहू दे. मागितला असता तर दिलाही असता. पण रोज सकाळी मी धुरात फुंकत बसायची आणि सगळं ठाऊक असून तुम्ही बघत राहिलात.

छबीला घेऊन बार्शीला बाबांकडे जाते आहे. भाकरी दुरडीत आहे. न्यायला यायचं असेल तर आधी सासूबाईंना सांगा, बंब का पेटत नव्हता.

प्रमिला