सुपात घातलेला लेक

असोदा, ता. १४ जानेवारी १९८९

॥ श्री ॥

तीर्थरूप रुक्माअक्कास सुपडूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

गुरुवारी सकाळी मी विहिरीवरची मोटार चालू केली आणि केळीच्या दोन ओळी भिजतात न भिजतात तोच बंद करून घरी आलो. असं मी आजवर कधी केलं नव्हतं. तुझ्या भावजयीला, लताला, वाटलं वीज गेली. वीज होती. माझंच मन लागेना, कारण न्याहारीच्या वेळी मायने सांगून टाकलं की विहिरीकडचं वावर ती रुपचंदच्या नावावर करणार आहे.

वावर तिच्या नावावर आहे, तिने कोणालाही द्यावं. पण आपला रुपचंद ते विकून धुळ्याला देवपुरात घर बांधणार, हे त्यानेच मागच्या पत्रात लिहिलं. विहीर गेली की माझ्याकडे नुसतं कोरडवाहू उरतं, त्यात केळी होत नाही. मी मायला हे सांगितलं, तर म्हणाली, तुझं काय, तुला देव पाहील.

अक्का, देव पाहतोच. मी रोज देवळात दिवा लावतो तो उगाच नाही. पण देव पाहतो म्हणून मायने पाहूच नये, असं कुठं आहे? रुपचंदला शिंक आली तरी ती सुंठ उगाळायची. मला टायफॉईड झाला तेव्हा ती उंबऱ्याबाहेर बसून राहिली, आत आली नाही. लहान होतो, पण दिसत होतं.

रुपचंदचा मला राग नाही. तो गोड बोलतो. मी बोललो तर म्हशीसुद्धा तोंड फिरवतात, असं लता म्हणते. तो शिकला, कचेरीत खुर्चीवर बसला, मलाही बरं वाटलं. मात्र या वेळी मी गप्प बसणार नाही. भांडणारही नाही. तू थोरली, मायचं मन तुला ठाऊक. काय करू ते कळव.

मंदा सूनबाईस आशीर्वाद. या भावावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
सुपडू


पिंपळनेर, ता. २६ जानेवारी १९८९

॥ श्री ॥

चि. सुपडूस रुक्माअक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

लिहिणारी माझी सून मंदा, बोलणारी मी. तुझं पत्र तिने दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा म्हशींपाशी हसले, दुसऱ्यांदा रडले.

एक गोष्ट तुला सांगू नये म्हणून मायने मला शपथ घातली होती. पण आता विहीर जायची वेळ आली, तर शपथ गेली चुलीत.

तुझ्याआधी आपले दोन भाऊ पाळण्यातच गेले. तू झालास तेव्हा मायने तुला सुपात घातलं आणि शेजारच्या कुंदाबाईला विकलं. तिची सगळी लेकरं जगलेली, म्हणून ती. तिच्याकडून ओंजळभर कोंडा घेतला आणि तुला तिच्या दारात ठेवलं. मी सुपाला हात लावून सोबत चालत होते. तेव्हापासून तू कुंदाबाईचा, माय नुसती सांभाळणारी. आपल्याकडे असे सुपातले सुपडू आणि उकिरड्यावर ठेवलेले उखर्डू गल्लीगल्लीत आहेत. पण त्यांच्या मायांनी लग्नाआधी सूपभर ज्वारी आणि लुगडं देऊन लेकरू सोडवून घेतलं. तुझं राहिलं. कुंदाबाईचं घर जामनेरला गेलं आणि आपले आबा म्हणाले, बायकांचं खूळ आहे, सोडा. मायने सोडलं नाही. परक्याचा आहे म्हणूनच हा जगला, असं तिने मनाशी धरलं.

तापात ती आत आली नाही, कारण आत आली असती तर तोंडून माझं लेकरू असं निघालं असतं. पण तू उठून बसेपर्यंत ती अन्नाला शिवली नाही, हे मी पाहिलंय. आता वावर तुला देणं म्हणजे कागदावर लेक म्हणणं. ती घाबरते रे.

कुंदाबाई अजून आहे. भाऊबंदातल्या चिंधाच्या मुलीच्या लग्नात भेटली होती. कानाने कमी, जिभेने पक्की. मायशी वाद घालू नकोस. जामनेरला जा.

मामा, मंदाचा नमस्कार. मला हे खरं वाटेना, तर सासूबाई म्हणतात, बठ्ठं खरं शे, सगळंच खरं आहे, असं लिही. सूप मात्र मोठं न्या.

माहेरची वाट माझ्यासाठी मोकळी ठेव.

तुझी,
रुक्माअक्का


असोदा, ता. २३ फेब्रुवारी १९८९

॥ श्री ॥

तीर्थरूप रुक्माअक्कास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आल्यावर बरेच दिवस विचार केला. स्वतः सासरा झालेला माणूस मी, सूप घेऊन एसटीत कसा बसू? मग वाटलं, मायने एवढी वर्षं जीव आवळून धरला, मला एका दिवसाची लाज सोसवत नाही? माघी पौर्णिमेला देवदर्शन करून निघालो. सुपात घरची ज्वारी, वर हिरवं लुगडं. जळगावला गाडी बदलताना कंडक्टरने विचारलं, लग्न कोणाचं. म्हटलं, बारसं आहे.

कुंदाबाईने माझ्या पांढऱ्या मिशा पाहिल्या आणि म्हणाली की एवढा लेक पदरी असून त्याने मला कधी घागरभर पाणी आणून दिलं नाही. आधी पाणी भरायला लावलं, मग पोटभर भरीत-भाकरी वाढली. ज्वारी घेऊन नुसतं जा म्हणणं तिला पटेना. हातातून हातात द्यायचं असतं म्हणून ती माझ्यासोबतच असोद्याला आली.

रुपचंद कागदासाठी आलेला होता. कुंदाबाईने रिकाम्या सुपात माझे दोन्ही हात ठेवले, सूप मायच्या पुढे सरकवलं आणि तिला नावाने हाक मारून म्हणाली, बेबा, जरा वाळलाय, पण घे. माय कितीतरी वेळ हात लावेना. मी म्हटलं, माय, पन्नाशीला आलो, आता काय होतंय मला. तेव्हा तिने माझं डोकं, कान, खांदे चाचपून पाहिले, बाजारातून गोऱ्हा आणल्यावर पाहतात तसे. आणि माझा सुपडू म्हणाली.

मग आपणहूनच रुपचंदला म्हणाली की आजवर मला देवाच्या हिशेबी एकच लेक होता, म्हणून सगळं त्याचं. आता दोन झाले, तर वावराचे दोन हिस्से आणि विहीर सामाईक. रुपचंद पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. शेवटी म्हणाला, ठीक आहे दादा, घराच्या दोन खोल्या कमी बांधीन. मी त्याला म्हटलं, धाकटा आहेस, हिस्सा आधी तू निवड. काल मोजणी झाली, मधला बांध मी स्वतः घातला, आणि घर कचेरीच्या कर्जावर बांधीन म्हणत रुपचंदने त्याचा हिस्सा न विकता मलाच कसायला ठेवला.

आज सकाळी मी चिखलाच्या पायांनी घरात शिरलो, तर मायने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मला रागावून घेतलं. परक्याच्या लेकराला असं कोणी बोलत नाही. मी पाय धुऊन येतो म्हटलं आणि मुद्दाम जरा हळूच गेलो, तिचं बोलणं पुरं व्हावं म्हणून.

इथे सारे तुझी वाट पाहतात. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा आणि मायचा,
सुपडू