पहिल्या सकाळचा आवाज

दि. ९ मार्च, सोमवार

दादा,

नमस्कार. लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिला. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायचीही पद्धत आहे, ती पाळत नाही. तुझा गुडघा कसा आहे हे विचारणार नाही. अकरा वर्षं विचारलं नाही, आजच काय अडलंय?

भिंगरी तुझ्याकडे पोचल्याचा वहिनीचा एका ओळीचा मेसेज मिळाला. मुलगी माझी, राहणार मामाकडे. छान.

सख्ख्या भाचीला विकायला तुला हीच गाडी सापडली? दिसायला भाजी आणायला न्यावी एवढीशी हॅचबॅक, आणि आत शर्यतीचं इंजिन. एक्सलरेटरला नुसता पाय लागला की उधळते. पोरीला वेगाचं वेड आहे, ते तुझ्याकडूनच आलंय. पण या इंजिनाची टायमिंग चेन सैल पडते, हे कुठल्याही गॅरेजवाल्याला झोपेतून उठवून विचार, सांगेल. भिंगरीलाही माहीत होतं, इंटरनेटवर सगळं वाचून बसली होती. तरी घेतली, कारण मामा देतोय.

बाबांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवलं होतं. चेन सैल असली तर थंड इंजिन सुरू केलं की पाच-सहा सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. मग तेल चढतं आणि सगळं गोड. म्हणून विकणारा गिऱ्हाईक यायच्या आत इंजिन तापवून ठेवतो. बाबा म्हणायचे, “आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर सरळ घरी या.”

मला वाटलं, तूही तेच केलं असशील. केलं असतंस तर फार बरं झालं असतं.

गेल्या गुरुवारी भिंगरी कामावर जाताना उड्डाणपुलाच्या चढावर चेन सरकली आणि इंजिन बंद पडलं. स्टीअरिंग दगडासारखं जड झालं. मागे टँकर होता. त्या ड्रायव्हरनं तो कसा वळवला ते त्यालाच माहीत. उजवीकडचा आरसा तेवढा घेऊन गेला. फक्त आरसा, हे मी दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगते.

गाडी ओढून माझ्या गॅरेजच्या दारात आणली, तशी मी तुझ्या नावानं सुरू झाले. काय काय म्हटलं ते लिहीत नाही, कागद पुरायचा नाही. पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मग पर्समधून तुझी चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली.

‘चेन वाजते. तीन दिवस रोज सकाळी आईला थंड गाडी ऐकव, तोवर लांब नेऊ नकोस. ती नको म्हणाली तर परत आण. ठीक म्हणाली तर बिनधास्त चालव. तिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. चिठ्ठी दाखवू नकोस. माझं अक्षर बघून ती रागानंच नको म्हणेल.’

शहाणाच आहेस! मी रागानं नको म्हणेन, एवढंच तुला सुचलं.

गाडी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लागायची. पहिल्याच सकाळी मी ऐकलं. दुसऱ्या सकाळीही ऐकलं. तिसऱ्या सकाळी भिंगरीनं काच खाली करून विचारलं, “आई, कशी वाटते गं गाडी?”

मी कप विसळत म्हटलं, “मामानं दिलीय ना? मग उत्तमच असणार.”

“तसं नाही. नीट सांग ना.”

“ठीक आहे. जा, उशीर होईल.”

मला वाटलं, पडेल कुठे तरी बंद, गल्लीत, नाही तर सिग्नलला. दोन तास उन्हात उभी राहील आणि मामा काय चीज आहे ते पोरीला एकदाचं कळेल. पुढचे बारा दिवस मी रोज सकाळी खिडकीशी उभी राहून तो आवाज वाढतोय का ते ऐकत होते. वाढत होता, दादा. हयातभर चेन बसवत आलेली मी, बारा दिवस गप्प उभी राहिले.

चिठ्ठी वाचून झाल्यावर तिनं एकच विचारलं, “आई, तुला ऐकू आलं होतं?” मी म्हटलं, “नाही.” ती बॅग भरायला आत गेली. माझ्या कानाबद्दल तिला तुझ्याइतकंच माहीत आहे.

यातून तू सुटलास असं समजू नकोस. चेन तुलाच बदलून देता आली नसती? नसती, कारण पिन माझ्याकडे. बाबांच्या गॅरेजच्या वाटणीच्या दिवशी चेनचं टायमिंग लावायच्या हत्यारांची ती लाल डबी उघडून लॉकची पट्टी तू उचललीस, पिन मी. एकाशिवाय दुसरं बिनकामाचं, हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणूनच तशी वाटणी केली. फोन करून पिन मागितली असतीस तर जीभ झडली असती तुझी? पण नाही. ताठा सोडायचा नाही आणि माझी परीक्षा घ्यायला माझ्याच पोरीला गाडीत बसवायचं. मी नापास झाले. खूश?

सोबत पिन पाठवतेय, तेल लावून फडक्यात गुंडाळली आहे. गाडी उद्या तुझ्या गॅरेजला येईल. पोरीला माझा हात लागलेला नकोय, आणि तिचं बरोबर आहे. व्हॉल्व्ह वाकलेत, इंजिनाचं हेड उतरवावं लागेल. चेन ताणून धरायचा टेन्शनर नवा घाल, जुनाच धुऊन लावायची तुझी खोड मला माहीत आहे. आणि पिन परत पाठवू नकोस.

आता खरं काम. हे पत्र तिला वाचायला दे. तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तिच्याशी बोलायला माझी जीभ उचलत नाही. तुझ्यावर चिडता चिडता मात्र लिहून झालं. तिनं वाचलं नाही तर तू समोर बसून वाचून दाखव, मला शिव्या घातल्यास तरी चालेल. तेवढं एक वाक्य मात्र माझ्याच शब्दांत सांग: आईला ऐकू आलं होतं. पहिल्याच सकाळी.

तुझी माफी मागत नाही. मागायची ती फक्त तिची.

तिची आई,
आणि काही इलाज नाही म्हणून, तुझी बहीण