केसरबाईंनी खाल्ला तो भातच

उस्मानपुरा,
मंगळवार, भर दुपार

तीर्थस्वरूप आप्पासाहेब दाजी,

तुमच्या पायाशी बद्रीनाथचा नमस्कार पोचावा. गुडघा कसा आहे? अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लांबचंही स्वच्छ दिसतं असं कळलं, आनंद झाला (जवळचं तिला आधीपासूनच गरजेपेक्षा जास्त दिसत होतं). आम्ही इकडं खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी रविवारपासून एका जागी धड बसलेलो नाही. एवढ्या चार ओळी लिहिताना तीनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा गेटला कडी आहे का ते बघायला आणि एकदा उगीच.

आमच्या दीपमालाची सोयरीक पक्की झाली असं अक्कानं तुम्हाला सांगितलंच असेल. तिनं ते निम्म्या वैजापूरला सांगितलंय, कारण मला मार्केट यार्डातल्या एका कांदेवाल्याचा अभिनंदनाचा फोन आला. सोयरीक पक्की झाली की नाही हाच तर तंटा आहे, आणि त्याचा निवाडा तुम्हाला करायचाय. फोनवर बोललो असतो, पण तुमचा फोन अक्का उचलते.

झालं असं, की ऋतुराज नावाचा मुलगा, शेंद्र्याला कंपनीत इंजिनिअर, त्याची आई संध्याताई आणि आजी केसरबाई असे तिघं रविवारी मुलगी बघायला येणार होते. दीपमाला म्हणाली, मी पोह्यांचा ट्रे घेऊन कुणापुढं येणार नाही, बाहेर भेटू. बाहेर म्हणजे कुठं, तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सच्या दुकानावर निघालेलं जपानी हॉटेल. (त्यांनी दारात लाल कंदील टांगलेत. दिवाळीचे काढायचे राहिले असतील असं मी सहा महिने समजत होतो.) ती दर शनिवारी बँकेतल्या मैत्रिणींबरोबर तिथं जेवते. परवडतं म्हणे. आमची मंजुषा म्हणाली, जाऊ द्या, निदान रविवारी भांडी तरी वाचतील. मी एकटा काय बोलणार.

तिथं सुशी नावाचा पदार्थ मिळतो. म्हणजे भात, दाजी. गार, चिकट भात, पोटात काकडी नाहीतर गाजर, बाहेरून समुद्रातल्या शेवाळाचं काळं पान, आणि मग त्याच्या वड्या पाडायच्या. आपल्या अळूवडीचा उंडा तळायचा राहून गेला तर होईल तसं काहीतरी. कच्च्या माशाचीही असते, पण केसरबाई माळकरी, त्यामुळं आम्ही सगळे काकडीवर राहिलो. सोबतच्या झणझणीत हिरव्या गोळ्याला साधी चटणी समजून माणसं फसतात, हे दीपमालानं आधीच बजावलं होतं, तेव्हा ती गंमत माझ्याकडून मागू नका. मी दुसरीकडं फसलो.

आपल्या भावकीचा कायदा मी तुम्हाला काय सांगावा? बघायला आलेल्यांनी पोहे खावेत, चहा घ्यावा आणि कळवतो म्हणून उठावं. पण भाताचा घास घेतला की पसंती दिली, मग माघार नाही. माझ्या वेळेला मंजुषाच्या घरी तुम्हाला भूक लागली, तुम्ही वरणभात मागून घेतलात आणि माझं लग्न ठरलं. मुलगी मी तोवर नीट बघितलीही नव्हती. (तक्रार नाही. पत्र टाकायला मंजुषाच जाणार आहे.)

तर केसरबाईंच्या तोंडात दात नाहीत, त्यांना तो मऊ घास फार मानवला. मला त्या काड्यांनी खाता येईना, आणि रिकामं बसणं माझ्या रक्तात नाही. मी त्यांच्या वड्या मोजायला लागलो. पाच झाल्या तेव्हा उठून काउंटरवर आणखी एक प्लेट सांगून आलो. आठ झाल्या तेव्हा उगीच हात धुऊन आलो. अकरावी तोंडात गेली आणि मला दम निघेना. बाहेर जाऊन अक्काला फोन लावला की आजीनं भात खाल्ला, पक्कं समज. आत येऊन संध्याताईंना विचारलं, सुपारी कधी फोडायची?

संध्याताईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, हा नाष्टा आहे. भात गरम असतो, ताटात वाढतात, त्यावर वरण असतं. मी म्हणालो, दहीभात गार असतो, तो काय नाष्टा? त्या म्हणाल्या, दहीभाताच्या वड्या पाडून दाखवा. मग मी हॉटेलच्या मालकालाच साक्षीला बोलावलं. शिवम नाव, गुलमंडीतल्या कापडवाल्यांचा मुलगा, पुण्याला ही विद्या शिकून आलाय. तो म्हणाला, अंकल, दोन्ही म्हणता येतं (कापडवाल्याचाच मुलगा, कुठल्याच गिऱ्हाईकाला दुखवणार नाही). शेवटी केसरबाईंनी तोंड पुसलं.

"भात हाय का काय हाय, मला कुणी इचारलंच नाय," त्या म्हणाल्या. "ग्वाड लागलं, खाल्लं."

तेव्हा विनंती अशी, की तांदूळ शिजवला की तो भात, मग त्याच्या वड्या पाडा नाहीतर विटा, असं दोन ओळींत लिहून खाली सही करावी. संध्याताईंचं माहेर वैजापूरचं आहे, तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत.

तुमचा,
बद्रीनाथ

ता.क. पाकीट चिकटवणार तोच संध्याताईंचा फोन आला. रविवारी केसरबाई रात्री जेवल्याच नाहीत, पोट भरलंय म्हणाल्या, तेव्हा ते जेवणच होतं हे त्यांना मान्य आहे. ऋतुराजचीही पसंती आहे. आपण जिंकलो, दाजी. सही आता राहू द्या.

आणखी ता.क. जिंकल्याचं सांगायला दीपमालाच्या खोलीत गेलो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आजींच्या वड्या मोजल्या. माझ्या प्लेटमध्ये बघितलं का?" नव्हतं बघितलं. मंजुषानं बघितलं होतं. जिथं पोरगी दर शनिवारी पोटभर जेवते, तिथं तिनं एक घास खाल्ला नाही. मुलगा वाईट नाही, पण माझं मन नाही, आणि कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं म्हणते. मला फार लाज वाटली, दाजी. आपल्या एवढ्या जुन्या कायद्यात मुलीच्या घासाला कलमच नाही.

तेव्हा वरची विनंती उलटी वाचावी. तो नाष्टाच होता असं लिहून द्या, आणि सही ठळक करा. कारण हवंच असेल तर त्या भातात शिरका, म्हणजे व्हिनेगर, घालतात, तेव्हा तो नुसता भात नव्हे, असं घाला. संध्याताईंकडं मी स्वतः जातो, खुर्चीवर बसून, एकदाही न उठता सगळं सांगतो. मार्केट यार्डात अक्कानं सांगावं. ती भांडायला लागली तर तिला शिरका वगैरे सांगू नका, खरं तेच सांगा: तुझ्या भाचीनं तिथं पाणीसुद्धा घेतलं नाही.